न दुखणारी जखम

भाजी चिरताना बोट कापले तर आपण ते धुतो, चिंधी बांधतो आणि कामाला लागतो. रक्त गोठते, खपली धरते, खपलीखाली नवी कातडी तयार होते आणि दहा-पंधरा दिवसांत खपली गळून पडते. जखम भरून येणे हा शरीराचा स्वभावच आहे. काही जखमा मात्र हा स्वभाव विसरल्यासारख्या वागतात. त्या महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षे वाहत राहतात. वरून भरल्यासारख्या दिसतात आणि पुन्हा फुटतात. अशा चिवट जखमांवरच्या उपचारांचा इतिहास म्हणजे मलमांचा, लेपांचा आणि औषधांचा इतिहास असणार, असे आपल्याला साहजिकच वाटते.

यांतल्या एका जखमेच्या बाबतीत तरी तसे झाले नाही. कुष्ठरोग्याच्या तळपायाला पडणारी ही जखम. तिचे कोडे सुटले ते नव्या औषधाने नव्हे, तर प्रश्न विचारण्याची पद्धत बदलल्यामुळे. ‘या जखमेवर काय लावावे?’ या प्रश्नाच्या जागी ‘ही जखम मुळात का भरत नाही?’ हा प्रश्न आला. त्या बदलाची ही हकीकत आहे. ती दक्षिण भारतात घडली, तरी आपल्या विदर्भाशी तिचा जवळचा संबंध आहे.

दुष्टव्रण आणि रक्तपिती

न भरणाऱ्या जखमांची वेगळी दखल फार पूर्वी घेतली गेली होती. सुश्रुतसंहितेत जखमांचे दोन मोठे वर्ग केले आहेत: शरीरातील बिघाडामुळे होणाऱ्या ‘शारीर’ आणि बाहेरच्या आघाताने होणाऱ्या ‘आगंतुक’. दुर्गंधी, पू आणि दीर्घकाळ टिकून राहणे ही ‘दुष्टव्रणा’ची लक्षणे म्हणून दिली आहेत आणि व्रणांवरचे साठ उपक्रम सांगितले आहेत. धुणे, छेद घेणे, लेप लावणे, पट्टी बांधणे असे पुष्कळ काही त्यांत आहे. कुष्ठाच्या लक्षणांमध्ये त्वचा बधिर होणे हेही नोंदलेले आहे.

म्हणजे बधिरता माहीत होती आणि न भरणारी जखमही माहीत होती. परंतु दोन्ही एकाच रोगाची दोन लक्षणे समजली जात. एकीमुळे दुसरी होत असेल, हा विचार पुढे आला नव्हता. रोगामुळे मांस सडते, सडले की झडते, अशीच समजूत होती. आपल्याकडे या रोगाला ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ म्हणत. रक्तच बिघडले आहे, तेव्हा जखम भरणार कशी, असा त्या शब्दामागचा तर्क होता. त्यावर पूर्वजन्मीच्या पापाची पुस्तीही जोडली जाई.

१८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांना या रोगाचा जंतू दिसला. रोग जंतूंमुळे होतो हे कळले, पण जखमेविषयीची समजूत बदलली नाही. ब्रिटिश सरकारने १८९८ साली कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा केला. त्यात कायद्याच्या दृष्टीने कुष्ठरोगी कोण, याची व्याख्या देताना ज्याच्या अंगावर जखमा पडू लागल्या आहेत तो, असे म्हटले होते. माणसाला समाजाबाहेर काढायचे की नाही, हे त्याच्या जखमेवरून ठरत होते. म्हणूनच जखम बरी होणे किंवा न होणे हा केवळ वैद्यकाचा प्रश्न नव्हता. घर, शेत, लग्न, शाळा, सारे त्या पट्टीवर अवलंबून होते.

विदर्भातील आश्रम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विदर्भात या कामाची एक मोठी परंपरा उभी राहिली. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात महात्मा गांधींनी परचुरे शास्त्री या कुष्ठरोगी संस्कृत पंडितांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीत कुष्ठनिवास सुरू केला. तोच ‘तपोवन’ म्हणून प्रसिद्ध आहे. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि त्यातून वरोऱ्याजवळ ‘आनंदवन’ उभे राहिले.

अशा संस्थांमधल्या कामाचा मोठा भाग म्हणजे रोज जखमा धुणे आणि पट्ट्या बांधणे. त्या काळी रोगावर कडू कवठाच्या बियांचे तेल टोचत. त्याचा गुण बेताचाच येई. १९४० च्या दशकात डॅप्सोन वर्गातील औषधे आली आणि जंतू प्रथमच खऱ्या अर्थाने आटोक्यात येऊ लागले.

आता एक विचित्र गोष्ट ठळकपणे दिसू लागली. औषधाने जंतू मेले, रोग थांबला, तपासणीत जंतू सापडेनात, तरी तळपायाची जखम तशीच राहिली. रोग जखम करत असेल, तर रोग गेल्यावर जखम का जात नाही?

मांस खरोखर सडते का?

या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांपैकी सर्वांत महत्त्वाचे नाव डॉ. पॉल ब्रँड यांचे. त्यांचा जन्म १९१४ साली तामिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांमध्ये, मिशनरी आईबापांच्या पोटी झाला. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक होऊन ते १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढच्याच वर्षी चिंगलपेट येथील कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी वाकडी झालेली शेकडो बोटे पाहिली. या हातांवर अस्थिशल्यचिकित्सकांनी काही कामच केलेले नाही, हे त्यांच्या लक्षात आले. शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण एकच होते: कुष्ठरोग्याचे मांस सडके, तेव्हा चिरलेली जागा भरायची नाही. ब्रँड यांनी शस्त्रक्रिया करून पाहिल्या. टाके घातलेल्या जखमा इतरांच्या जखमांसारख्याच वेळेत भरून आल्या. मांसात खोट नव्हती.

मग बोटे झडतात कशी? ब्रँड यांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका खोलीचे गंजलेले कुलूप त्यांच्याने उघडेना. जवळच्या एका कुष्ठरोगी मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. ब्रँड यांनी त्याचा हात पाहिला, तर किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले होते. मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. तुमच्या-माझ्या हाताला वेदना जिथे ‘थांब’ म्हणते, तिथे त्या मुलाच्या हाताला कोणी थांबवणारेच नव्हते.

यानंतर ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. कोणी गरम भांडे हातात धरले होते, कोणाच्या कुदळीच्या दांड्याचा खिळा तळहातात रुतला होता. काही बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. त्याचा उलगडा व्हावा म्हणून रात्री पाळत ठेवली, तेव्हा दिसले की झोपलेल्या रुग्णांची बधिर बोटे उंदीर कुरतडत होते. रुग्णांना मांजरे पाळायला दिली आणि तो प्रकार थांबला. शाप, पाप, बिघडलेले रक्त यांपैकी कशाचीही गरज न पडता एकेका जखमेचे साधे, ऐहिक कारण सापडत गेले.

कुष्ठरोगाचे जंतू चेतातंतूंवर हल्ला करतात. घोट्याच्या आतल्या बाजूने तळपायाकडे जाणारा चेतातंतू निकामी झाला की तळवा बधिर होतो, घाम येईनासा होतो आणि कातडी कोरडी पडून तिला भेगा पडतात. औषधाने जंतू मरतात, परंतु मेलेला चेतातंतू बहुधा परत येत नाही. रोग गेला तरी जखम का जात नाही, याचे उत्तर इथे मिळते.

थोडे गणित

एवढ्यावरही एक शंका उरते. काटा बोचला, पऱ्हाटीचे धसकट पायात घुसले, तर जखम होणारच. पण सपाट जमिनीवर नुसते चालणाऱ्याच्या पायालाही जखम का व्हावी? हे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पदार्थविज्ञानाच्या तासाला करून घेता येईल असे गणित आहे.

६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ६०० न्यूटन. एका तळव्याचा जमिनीला टेकणारा भाग सुमारे १०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दोन्ही पायांचा मिळून ०.०२ चौरस मीटर. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, म्हणून हा दाब ३०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे २२५ मिलिमीटर उंचीइतका झाला. कातडीतल्या केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब पाऱ्याच्या जेमतेम २५ ते ३५ मिलिमीटर इतका असतो. म्हणजे आपण स्वस्थ उभे असतानासुद्धा तळव्याच्या बऱ्याच भागातल्या केशवाहिन्या दाबल्या जातात आणि तिथला रक्तपुरवठा अडतो.

चालताना पाऊल उचलण्याच्या क्षणी सगळा भार पुढच्या चवड्यावर आणि अंगठ्याखाली येतो. तो भाग २५ चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब २,४०,००० पास्कल, म्हणजे पाऱ्याच्या सुमारे १,८०० मिलिमीटरइतका होतो. तळपायाच्या जखमा चवड्याखाली आणि अंगठ्याखाली जास्त का होतात, हे यावरून लगेच ध्यानात येईल.

मग आपल्या सर्वांच्याच तळव्यांना जखमा का होत नाहीत? कारण आपण कधीच ‘स्वस्थ’ उभे नसतो. प्रार्थनेच्या वेळी मुलांच्या रांगेकडे पाहा. दोन मिनिटांत प्रत्येक जण भार या पायावरून त्या पायावर घेऊ लागतो. लांब चालून चवडा दुखू लागला की आपण नकळत टाच किंवा कड टेकवतो, फारच ठणका लागला तर लंगडतो. लंगडणे हे खरे पाहता पायाचे संरक्षण आहे. बधिर पाय लंगडत नाही. तो पहिल्या पावलाला जसा पडला, तसाच दहा हजाराव्या पावलाला पडतो.

बंद प्लास्टर

या विचाराला आधार देणारा उपचार त्याआधीच सापडलेला होता. सिलोनमध्ये डॉ. मिलरॉय पॉल आणि भारतात डॉ. जोसेफ खान यांनी १९३० च्या दशकात कुष्ठरोग्यांच्या तळपायांच्या जखमांवर प्लास्टरचा उपयोग केला. डॉ. खान यांचा निबंध १९३९ साली प्रसिद्ध झाला. मोडलेल्या हाडाला घालतात तसे प्लास्टर, पण हाड मोडलेले नसताना. ब्रँड यांनी वेल्लोरला ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली आणि १९६६ नंतर ती अमेरिकेत नेली.

यातली गंमत अशी की रोज उघडून, धुऊन, औषध लावून वर्षानुवर्षे न भरलेली जखम प्लास्टरच्या आत, कोणी न पाहता, न धुता, काही आठवड्यांत भरून येई. प्लास्टर तळव्याला आणि पोटरीला सगळीकडून चिकटून बसते, त्यामुळे भार चवड्याच्या एका बिंदूवर न येता साऱ्या पायावर वाटला जातो. सूज उतरते. पावले आखूड पडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला ते घरी काढून ठेवता येत नाही. जी सक्तीची विश्रांती आपल्याला वेदना देते, ती इथे प्लास्टरने दिली.

हा उपचार मात्र घरी करण्याचा नव्हे. जखमेत पू असेल, पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर प्लास्टरने अपाय होतो. ते घालण्याचे काम प्रशिक्षित हातांचेच आहे.

ब्रँड यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने यापुढचा दुवा जोडला. बधिर केलेल्या उंदरांच्या तळव्यांवर यंत्राने बेताचाच दाब, पण दररोज हजारो वेळा दिला. एका वेळच्या अशा दाबाने काहीच होत नव्हते. पण रोज तेच घडू लागल्यावर तळवा आधी गरम झाला, मग सुजला आणि काही दिवसांनी फुटला. मध्ये विश्रांती मिाळालेले तळवे मात्र फुटले नाहीत, उलट जाड आणि राठ झाले. यावरून दोन गोष्टी कळल्या. जखम एका मोठ्या आघाताची वाट पाहत नाही, आणि ती उघडी पडण्यापूर्वी पाय ‘गरम जागे’च्या रूपाने सूचना देतो. ही सूचना रुग्णाला जाणवत नसली, तरी हाताने चाचपून कळू शकते.

श्रम की विश्रांती?

आपल्या आश्रमांच्या दृष्टीने यातून एक अवघड प्रश्न निघत होता. आनंदवनाचा पाया श्रमावर होता. भीक नको, काम हवे, या भूमिकेतून तिथल्या रहिवाशांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली. समाजाने टाकलेल्या माणसाला स्वतःविषयीचा आदर श्रमाने परत मिळतो, यात शंका नाही. परंतु बधिर पायाला तोच श्रम घातक ठरू शकतो. त्याला कायमचे खाटेवर बसवावे, तर पाय वाचेल आणि माणूस खचेल.

यातून वाट काढली ती चप्पलेने. लाकडी तळ, प्लास्टरचे बूट असे अनेक प्रकार करून पाहिल्यावर वेल्लोरच्या मंडळींनी बारीक हवेच्या पोकळ्या असलेल्या मऊ रबराचा तळवा पसंत केला. पायाखाली मऊ रबर, त्याखाली काटा आत येऊ न देणारा कडक थर, आणि मागे पट्टा, कारण बधिर पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही. अशा चपला पुढे देशभर वाटल्या गेल्या. त्यांतही एक अडचण आली. ठरावीक काळी चप्पल पाहून लोक रुग्णाला ओळखू लागले आणि रुग्ण ती घालायला लाजू लागले. जखम टाळणारी चप्पलच जखमेसारखी ओळखीची खूण झाली! म्हणून नंतर बाजारातल्या चपलांसारख्याच दिसणाऱ्या चपला बनवाव्या लागल्या. तंत्र बरोबर असूनही समाज चुकीचा असेल तर ते पायात जात नाही, हा या इतिहासातला एक धडा आहे.

महाराष्ट्रात डॉ. नोशीर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरोग्यांवर पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. सर्वसाधारण रुग्णालयात इतर रुग्णांबरोबर कुष्ठरोग्यांना खाट मिळावी, हा आग्रह तेव्हा धाडसाचा होता.

मग औषधाचे काय?

पिंपळगाव राजा येथे शिक्षकांशी या विषयावर बोललो, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच: ‘पण सर, लावायचं काय?’ हळद, मध, कडुनिंबाचा पाला, सगळ्यांची नावे निघाली. प्रश्न रास्त आहे, कारण आपल्याच राज्यात त्यावर चांगले काम झाले आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली भाजलेल्या १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. ५२ जणांना मध आणि ५२ जणांना चांदीयुक्त नेहमीचे मलम. सात दिवसांत मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या, तर मलम लावलेल्यांपैकी फक्त ७ टक्क्यांमध्ये जंतुसंसर्ग आटोक्यात आला. परंतु पुढे न्यूझीलंडमध्ये पायाच्या नीला बिघडल्याने होणाऱ्या जुनाट जखमांवर ३६८ रुग्णांमध्ये मधयुक्त पट्टीची चाचणी घेतली गेली. तिचा अहवाल २००८ साली आला. तिथे नेहमीच्या पट्टीपेक्षा मधाचा खास फायदा दिसला नाही.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. भाजलेल्या माणसाचे जखम भरण्याचे यंत्र शाबूत असते, त्याला फक्त जंतूंपासून संरक्षण हवे असते. जुनाट जखमेत मूळ कारण काम करतच असते. नीलांत रक्त साचत असेल, तर पाय दाबून बांधणारी पट्टी हवी. तळव्यावर भार पडत असेल, तर भार काढायला हवा. कारण तसेच ठेवून वर काहीही लावले, तर नळ चालू ठेवून जमीन पुसण्यासारखे होईल.

आजचा बधिर पाय

कुष्ठरोगावर १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि चित्र बदलले. २००५ च्या डिसेंबरात देशातील प्रमाण दर दहा हजारांत एकाहून खाली आले. तरीही देशात आजही वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. शिवाय बरे झालेल्यांचे बधिर पाय आयुष्यभर बधिर राहतात.

परंतु आज बधिर पायांचा सर्वांत मोठा समूह वेगळाच आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. दीर्घकाळच्या मधुमेहाने चेतातंतू निकामी होतात आणि तळव्याची तीच कथा पुन्हा घडते. त्यात रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असल्या, तर पाय गमावण्याची वेळ येते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तळपायाला जखम असलेल्या मधुमेहींचे दोन गट केले होते. प्लास्टर घातलेल्या २१ पैकी १९ जणांच्या जखमा सरासरी ४२ दिवसांत भरल्या. नेहमीची मलमपट्टी केलेल्या १९ पैकी फक्त सहा जणांच्या भरल्या. कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत शिकलेला धडा असा साऱ्या जगाच्या कामी आला.

शिक्षकांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आजोबांना किंवा आजींना मधुमेह असलेली मुले आता प्रत्येक वर्गात असतात. त्यांनी रोज संध्याकाळी आजोबांचे तळवे उजेडात पाहावेत. लाल किंवा गरम जागा, घट्टा, भेग, फोड दिसतो का ते बघावे. चप्पल घालण्यापूर्वी आत खडा वा खिळा नाही ना, हे हाताने चाचपावे. डोळे मिटायला सांगून तळव्याला बॉलपेनचे टोक हलकेच टेकवले आणि आजोबांना ते कळले नाही, तर डॉक्टरांकडे नेण्याची वेळ झाली आहे असे समजावे. शेतात अनवाणी जायचे नाही, शेकोटीजवळ पाय न्यायचे नाहीत, गरम पाण्याची परीक्षा पायाने नव्हे तर दुसऱ्याच्या हाताने करायची. कोरड्या तळव्यांना तेल लावायचे. आणि जखम झालीच, तर ती दुखत नाही म्हणून चालत राहायचे नाही.

‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. बधिर पायाच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी उलट आहे. जखम आहे आणि दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. एवढे एक वाक्य जरी मुलांबरोबर घरी गेले, तरी काही पाय वाचतील.